सुडापुरतं इंग्रजी

खंडोजी निकम बहात्तराव्या वर्षी इंग्रजी शिकला, ते एका माणसाचा सूड घ्यायला. नातवंडांशी बोलायला नाही, परदेशात जायला नाही, औषधांच्या बाटल्यांवरचं वाचायलाही नाही. मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहतो. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे, त्यामुळे त्याच्या इंग्रजीचा शब्दन् शब्द माझ्या उशीपर्यंत आलेला आहे. मल्लाप्पा, म्हणजे मी, वाढवून सांगतो, असं आमच्या आश्रमात म्हणतात. ही गोष्ट मात्र मी कमी करून सांगतोय. होती तेवढी सांगितली तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

आश्रम म्हणजे बंगळूरच्या येलहंक्यातलं 'निवांत'. बावीस खोल्या, एक पेरूचं झाड आणि डोक्यावरून हवाई दलाची विमानं. सराव सुरू असला की ती इतकी खाली येतात की एकदा चंद्राबाईंचं वाळत घातलेलं लुगडं उडून थेट तळावर उतरलं आणि एक जवान ते घडी करून, सलाम ठोकून परत देऊन गेला. चंद्राबाई आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. अडकित्ता वापरत नाहीत, जिभेनंच सुपारी कातरतात.

खंडोजीला शत्रू एकच, गिरीराज मोहिते. दोघं निपाणीजवळच्या एका गावचे, एका गल्लीतले. गिरीराजची आई तो रांगत असतानाच गेली. मग खंडोजीच्या आईनं, कस्तुराबाईनं, दोन्ही पोरांना एका ताटात जेवू घातलं. भाकरीचा पापुद्रा कुणाचा, यावरून रोज मारामारी व्हायची. विशीत दोघं बंगळूरला आले आणि चिकपेटेतल्या एका साड्यांच्या घाऊक पेढीवर लागले. खंडोजी खाली गोदामात, गिरीराज वर टेबलाशी. कारण गिरीराजला इंग्रजी येत होतं. मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट मार्क पडले होते, हे तो अगदी परवापरवापर्यंत ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगायचा.

एकतीस वर्षांपूर्वी त्या गोदामाला आग लागली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. मी तेव्हा यशवंतपुरात राहायचो, तिथून दोन कोसांवर, तरी आमच्या गल्लीतले दोन न्हावी तीन दिवस एकमेकांकडे संशयानं बघत होते. आग लागली होती गिरीराजच्या सिगारेटनं. मालकाला सिगारेट खपत नसे, म्हणून तो गोदामात येऊन गठ्ठ्यांच्या आड ओढायचा. खंडोजीनं जन्मात विडीला हात लावलेला नाही. पण विमा कंपनीनं आगीच्या कारणाचा अहवाल मागितला, तो इंग्रजीत हवा होता, आणि पेढीवर इंग्रजी लिहिणारा एकच माणूस होता. गिरीराजनं टाइपरायटरवर सात ओळी बडवल्या. आग गोदाम सांभाळणारे के. निकम यांच्या निष्काळजीपणामुळे लागली, सदर इसमास धूम्रपानाची सवय होती. खाली सही केली, कागद पाकिटात घातला आणि जेवायला गेला. भरपेट जेवला म्हणतात.

खंडोजीची नोकरी गेली. ती काय, दुसरी मिळाली, त्यानं पुढं वीसेक वर्षं टेम्पो चालवला. त्याला लागलं ते काडेपेटीचं. इथली आपली माणसं गणपतीत एकत्र जमतात. आरतीच्या वेळी निरांजन लावायला काडेपेटी फिरायची, ती खंडोजीपाशी आली की त्याला वगळून पुढच्याकडे जायची. वाईट कुणी बोलत नसे, नुसतं हसायचे. निकम, तुम्ही आपली घंटा वाजवा. वर्षानुवर्षं त्यानं घंटा वाजवली. मुलीच्या लग्नात होमाजवळ बसला तर भटजीनंसुद्धा तुपाची वाटी हळूच आपल्याकडे ओढली.

मग आठ वर्षांपूर्वी त्याची बायको श्यामला गेली. मुलगा नाही, अग्नी त्यानंच द्यायचा. तो पुढं झाला तेव्हा मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सांभाळा हो, ह्याच्या हातात द्यायची म्हणजे." दोघंतिघं हसले. गिरीराज तिथंच चार हातांवर उभा होता. तो हसला नाही. त्यानं चपलेच्या टोकानं एक खडा इकडून तिकडं ढकलला.

खंडोजीनं तो खडा पाहिला, आणि ह्याला सोडायचं नाही असं तिथंच ठरवलं.

पण ठरवून काय होतंय. खंडोजीची अडचण अशी होती की त्याला सूड घ्यायचा होता तो मराठीत, आणि मराठीत त्याला जमेना. पहिल्यांदा तो काठी घेऊन राजाजीनगरला गिरीराजच्या घरी गेला. दारात गिरीराज उभा, अंगात बनियन, गळ्याची हाडं दिसतायत. खंडोजीच्या तोंडून निघालं, "काय रं, खंगलास की." शिवी त्याच्यामागून यायची होती, ती आलीच नाही. परत आला तेव्हा काठी तिकडंच राहिली होती आणि हातात थालीपिठाचा डबा होता. दुसऱ्यांदा त्यानं पत्र लिहिलं. चार पानं, गिरीराजचे सात पिढ्यांचे पूर्वज उकरून काढले. पण सवयीनं वर 'सप्रेम नमस्कार' गेलं आणि खाली 'प्रकृतीस जपावे', आणि त्या दोहोंच्या मध्ये शिव्या अगदी घरच्यासारख्या वाटायला लागल्या. गिरीराजचं उत्तर आलं की गुडघ्याला आता आराम आहे.

तिसऱ्यांदा त्यानं कानडी वापरून पाहिली. आम्हा सीमेवरच्या माणसांना कानडी काही परकी नाही, तीही अंगणातच शिकलेली. चिकपेट मेट्रोच्या जिन्यावर त्यानं गिरीराजला गाठलं आणि कॉलर धरली. पण कानडीत समोर ओळखीचा माणूस दिसला की जीभ आधी 'ऊटा आयता' म्हणते, म्हणजे जेवलात का. खंडोजीनं कॉलर धरूनच विचारलं. गिरीराज म्हणाला, नाही अजून. मग काय करणार, दोघं इडली खायला गेले. बाहेर आल्यावर खंडोजी रडला असं तो सांगतो. मला वाटतं चटणी तिखट असणार.

असा हा हरलेला माणूस 'निवांत'मध्ये येऊन पडला. त्याच्या मागोमाग काही वर्षांनी मैत्रेयी आली.

मैत्रेयी पुण्याची पोर, इथल्या एका संस्थेत संशोधन करते. दोन-तीन भाषा बोलणारी आणि दिवसभर रिकामी असलेली माणसं आश्रमात हवी तेवढी मिळतात, म्हणून ती आमच्याकडे यायची. प्रत्येकाला एक कठीण प्रसंग सांगायची आणि काय कराल विचारायची. एकदा मराठीत, पंधरा दिवसांनी तोच इंग्रजीत. प्रसंग विहिरीचा होता. पाच माणसं एका दोराला लटकली आहेत, दोर तुटत आलाय. सगळ्यांत खालचा माणूस भारी वजनाचा. त्याच्या बरोबर वर तुम्ही, तुमच्या हातात कोयता. तुमच्या आणि त्याच्या मधला दोर कापला तर तो जातो आणि चौघं वाचतात. नाही कापला तर पाचही जातात.

खंडोजीनं मराठीत विचारलं, खालचा माणूस कुठला? नाव काय? पाचजण एकदम विहिरीत उतरले कशाला, गाळ काढायला? मग पंप लावायचा होता. त्याला पोहता येतं का? येत नसेल तर त्याला सगळ्यांत खाली कुणी ठेवलं, त्याचं नाव सांगा आधी. मैत्रेयीचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. शेवटी खंडोजीनं निकाल दिला की तो कोयता फेकून देईल आणि आपलं धोतर सोडून दोराला जोडेल. खंडोजी धोतर नेसत नाही, पण त्या दिवशी विहिरीत तो नेसला होता.

पंधरा दिवसांनी तिनं तेच इंग्रजीत सांगितलं. खंडोजीचं इंग्रजी चिकपेटेपुरतं, पण गोष्ट कळली. त्यानं क्षणभरही वाया घालवला नाही. "कट," म्हणाला. "नेक्स्ट."

मग स्वतःच दचकला. आपल्या तोंडाकडे हात नेला, जणू तिथं दुसऱ्या कुणाचे दात बसवलेत.

मैत्रेयीला आनंद झाला. "काका, ॲक्च्युअली बऱ्याच जणांचं असं होतं," ती म्हणाली. "शिकलेल्या भाषेत माणूस जरा लांबून बघतो. आपल्या भाषेत आई ओरडलेली असते, कुणी मांडीवर घेतलेलं असतं. परक्या भाषेत कुणीच काही केलेलं नसतं ना." सगळ्यांचंच होतं असं नाही, फरक थोडाच असतो, सगळ्या प्रश्नांत दिसतही नाही, असंही ती पुढं घाईघाईनं म्हणाली. पण ते ऐकायला खंडोजी थांबला नव्हता. तो पेरूच्या झाडाखाली उभा राहून हळू आवाजात 'कट, कट' म्हणून बघत होता.

आणि त्याच महिन्यात अकरा नंबरची खोली रिकामी झाली.

आमच्याकडे नवीन माणूस घ्यायची एक पद्धत आहे. तिघांची समिती असते. व्यवस्थापक विश्वेश्वर, एक डॉक्टर, आणि राहणाऱ्यांपैकी एकजण. ह्या एकाची सही नसेल तर बाकीच्या दोघांच्या सह्यांना किंमत नाही, कारण त्या माणसासोबत पुढं राहायचं असतं ते आम्हाला. आणि नकार द्यायचा तर पोस्टानं नाही, बोलावून, समोर बसवून, तोंडानं द्यायचा. विश्वेश्वर मंगळूरचा, डॉक्टर केरळची, त्यामुळे समितीचं कामकाज इंग्रजीत. त्या वर्षी आमचा माणूस होता खंडोजी. आतापर्यंत त्यानं बैठकीत नुसती बिस्किटं खाल्ली होती.

अकरा नंबरसाठी आलेल्या अर्जांत वरचाच अर्ज गिरीराज मोहितेचा. मुलगा शंतनु बायकोपोरांसकट जर्मनीला निघालाय, राहतं घर महिनाअखेर सोडायचंय, तीन आश्रमांनी जागा नाही म्हणून सांगितलंय. ह्या खोलीशिवाय गिरीराजला जायला ठिकाण नव्हतं. खंडोजीनं तो अर्ज चार वेळा वाचला आणि नंतर मला आणून दाखवला, जसं लोक नातवाचा फोटो दाखवतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं मैत्रेयीला गाठलं आणि मला 'नाही' म्हणायला शिकव म्हणाला. तिला वाटलं म्हाताऱ्याला शिकायची हौस आहे. तीन आठवडे शिकवणी चालली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू', शंभर वेळा, दोनशे वेळा, आधी बैलगाडीसारखं खडखडत, मग गुळगुळीत. त्याचं इंग्रजी दिवसेंदिवस थंड होत गेलं. मी पेपर मागायला गेलो तर म्हणाला, "वी रिग्रेट." दूधवाल्याला 'रिजेक्टेड' म्हणाला तर दुधाला जागच्या जागी विरजण लागलं. पेरूच्या झाडाला म्हणाला, तर तीन हिरवे पेरू आपणहून खाली आले. चंद्राबाईंनी त्याच्या हातून चहा घेणं बंद केलं. तो हातात येईपर्यंत गार होतो म्हणायच्या.

मुलाखतीच्या दिवशी खंडोजीनं इस्त्रीचा शर्ट घातला. जेवणाच्या हॉलच्या टोकाला समितीचं टेबल असतं, आणि आम्ही बाकीचे वर्तमानपत्रं उलटी धरून बसलेलो असतो. गिरीराज आला. काठी हातात होती, ती खंडोजीचीच होती. खंडोजीला पाहून त्याचा चेहरा उजळला, हे मी शपथेवर सांगतो. एकदम आपल्या बोलीत बोलायला लागणार इतक्यात खंडोजीनं हात वर केला आणि पाठ म्हटल्यासारखं, न अडखळता म्हणाला, "मिस्टर मोहिते. वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू. युअर ॲप्लिकेशन इज रिजेक्टेड."

जमलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'जेवलास का' निघालं नाही. मी मनात म्हटलं, आता बघायचं.

गिरीराजनं चष्मा सारखा केला. "ओके," तो म्हणाला. "थँक यू, सर. मे आय हॅव इट इन रायटिंग?"

बसची वेळ विचारावी तसं. कागद घेतला, त्यात एका ठिकाणी स्वल्पविराम राहिलाय असं विश्वेश्वरला दाखवून दिलं, आणि मॅट्रिकचे बासष्ट मार्क सांगून काठी टेकत निघून गेला. फाटकापाशी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

खंडोजी खुर्चीत बसून राहिला. विस्तवात फुंकर मारावी आणि राखच डोळ्यांत यावी, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्यानं माणसाला बेघर केलं होतं आणि त्या माणसाला ते लागलंच नव्हतं.

चंद्राबाईंनी सुपारी गालात सरकवली. "तुझ्या हाताला लागत नाही म्हणून तू इंग्रजी धरलंस," त्या म्हणाल्या. "त्याच्या कातडीला तरी ते कसं लागावं? त्यानं तर तुझ्याआधी पन्नास वर्षं पांघरलंय."

संध्याकाळी मैत्रेयीला विचारलं, तर ती म्हणाली की हो काका, ऐकणाऱ्याचंही तसं होऊ शकतं. खंडोजीनं बोटांवर सात मोजले. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं ते सात वळी लिवल्या, तवा त्याला काय सुदिक झालं न्हाई." आणि मग, जणू हे सगळ्यांत मोठं अपमानाचं कलम असावं तसं, "आन वर जेवला बी."

इतक्या वर्षांत मी त्याला इतका संतापलेला पाहिला नव्हता. कारण आता त्याला कळलं होतं की आपला सूड अजून सुरूच झालेला नाही.

'निवांत'च्या नियमांत नकारावर आठ दिवसांत फेरविचार मागता येतो. अर्जदारानं मागायचा असतो. खंडोजीनं स्वतः जाऊन मागवून घेतला. महिना संपायला पाच दिवस उरले होते, गिरीराज नको कशाला म्हणेल? तो पुन्हा आला. पुन्हा तेच टेबल, चार वाजताचा चहा, आम्ही उलट्या वर्तमानपत्रांसह हजर. चंद्राबाई तर चष्मा न लावताच वाचत होत्या. मैत्रेयीही आली होती.

खंडोजीनं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, सात ओळी. नोकरीवरून काढताना मालकानं त्याची एक प्रत ह्याच्या हातात ठेवली होती. खंडोजीला तो वाचता येत नव्हता तेव्हापासून त्यानं तो जपला होता.

"वाच," खंडोजी म्हणाला.

गिरीराजनं कागद ओळखला. मान खाली घालेल असं मला वाटलं होतं. पण नाही. त्यानं घसा साफ केला आणि खणखणीत इंग्रजीत वाचला, विरामचिन्हांसकट, निग्लिजन्स, हॅबिट ऑफ स्मोकिंग, सगळं. कुठं आवाज कापला नाही. उलट शेवटच्या ओळीला थोडी चढी लय दिली. संपल्यावर विश्वेश्वरकडे बघून म्हणाला की त्या काळी ड्राफ्टिंगकडे लक्ष देत असत.

"आता आपल्यात सांग."

गिरीराजनं पुन्हा घसा साफ केला. "सदरहू गोदामास दिनांक..."

"ही कचेरीतली नगं," खंडोजी म्हणाला. "आपली. ताटावर बसलोय आपण दोघं. आई भाकरी थापतीया. तिनं इचारलंय, गिऱ्या, आग कुणी लावली? सांग तिला. ह्यातलंच सांग, नवीन न्हाई मागत तुला. तिच्याकडं बघून एकदा सांग, की खोली तुझी."

विश्वेश्वरनं डॉक्टरीण बाईंकडे पाहिलं. दोघांनाही मराठी येत नव्हती, पण दोघांनी चहाचे कप खाली ठेवले.

गिरीराज हसला. एवढंच का, असं हसला. तोंड उघडलं. "कस्तुरामावशी," म्हणाला, आणि त्याच वेळी वरून विमान गेलं. खिडक्या वाजल्या, कपबशा सरकल्या. आम्ही सगळे थांबलो. विमान गेलं, आवाज गेला, त्याच्या मागचा पक्ष्यांचा कलकलाटही थांबला. गिरीराजचं तोंड अजून उघडंच होतं.

"मावशी," तो पुन्हा म्हणाला. आवाज बदलला होता. सहा वर्षांच्या पोराचा होता. "मावशी, खंडूनं..."

खंडोजी त्याच्याकडे बघत बसला होता. मदत केली नाही, घाई केली नाही.

"खंडूनं शिग्रेट..." गिरीराजनं टेबलाची कड धरली. नुकतंच इंग्रजीत घडाघडा वाचलेलं वाक्य त्याच्या घशात आडवं बसलं. "खंडू शिग्रेट वडत... न्हाई मावशी. त्यो न्हाई वडत. मी वडत हुतो."

"कुठं टाकलीस?" खंडोजीनं विचारलं.

"गठ्ठ्याच्या मागं."

"पायानं इझवलीस?"

"न्हाई. मालक जिन्यावरनं उतराय लागला, म्हणून पळालो."

"आन श्यामलेला पोचवायच्या वक्ताला? मागं हसत हुती माणसं. तू काय करत हुतास?"

गिरीराजनं डोळे मिटले. "खडा ढकलत हुतो," म्हणाला.

म्हणजे त्यालाही तो खडा माहीत होता. आठ वर्षं माहीत होता. मग तो रडला, आणि रडणं काही कमी नव्हतं. मी वाढवून सांगत नाही, चंद्राबाईंच्या मांडीवरचं वर्तमानपत्र सुलटं झालं. मैत्रेयी वहीत काहीतरी लिहायला गेली आणि पेनचं टोपण काढायला विसरली.

खंडोजीला दया आली असेल असं तुम्हाला वाटेल. मी त्याचा चेहरा जवळून पाहिलाय. भुकेलेल्या माणसासमोर आठ वर्षांनी ताट यावं आणि त्यानं पहिला घास सावकाश चावावा, तसा तो चेहरा होता.

थोड्या वेळानं गिरीराज काठी शोधत उठला. मला इथं नाही राहायचं, म्हणाला, माझं मी बघतो.

"जातोस कुठं?" खंडोजी म्हणाला. विश्वेश्वरकडून अर्ज ओढून घेतला, सही केली, आणि आमच्या त्या व्यवस्थापकाला कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, "ॲप्रूव्ह्ड." मग पुन्हा गिरीराजकडे वळून आपल्या बोलीत, "अकरा नंबर तुझा. माझ्या दाराच्या समोर."

दिवेलागणीला चंद्राबाई हॉलच्या कोनाड्यातल्या समईशी गेल्या. रोज त्याच लावतात. त्या दिवशी त्यांनी काडेपेटी खंडोजीसमोर धरली. त्यानं घेतली नाही. मान हलवून गिरीराजकडे दाखवलं, म्हणाला, "त्यानं द्याची." गिरीराज आला. चंद्राबाईंच्या हातून काडेपेटी घेतली. त्यानं ती खंडोजीच्या तळहातावर ठेवली. खंडोजीनं समई लावली. पाचही वाती एका काडीत. मग उरलेली काडी विझेपर्यंत गिरीराजच्या डोळ्यांसमोर धरून ठेवली.

ह्याला आता सात महिने झाले. सूड संपला असं समजू नका. रोज सकाळी सहाला खंडोजी चहा घेऊन अकरा नंबरचं दार वाजवतो. "गिऱ्या, उठलास काय रं? झोप लागली का? साखर कमी घातलीया, तुला सोसत न्हाई म्हणून." दुपारी भाकरीचा पापुद्रा काढून त्याच्या ताटात टाकतो आणि म्हणतो, आई तुलाच द्यायची बघ. संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळून देतो, आणि चोळताना श्यामला कशी हसायची ते सांगतो. दिवसातून पंधरा वेळा, अत्यंत प्रेमानं, गावाकडच्या बोलीत. गिरीराज अर्धा झालाय. सात महिन्यांत त्यानं कुणाला बासष्ट मार्क सांगितलेले नाहीत.

परवा मी भिंतीला कान लावून नव्हतो, तरी ऐकू आलं. गिरीराज दारात हात जोडून उभा होता. "खंडोजी, प्लीज," तो म्हणत होता. "स्पीक टू मी इन इंग्लिश."

खंडोजीनं इंग्रजी तेवढ्यापुरतं राखून ठेवलंय.

"नो," तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतून फुंकर घालून त्याच्यापुढं धरला.